मोठ्यानं वाचणारी बाई

आमच्या बाईंना मनात वाचता येत नाही, असं गावात बोललं जायचं. शाळेतले गुरुजी हे हसत सांगायचे, वाचनालयाची कमिटी जरा कीव केल्यासारखं सांगायची, आणि बाईंच्याच हाताखाली बाराखडी गिरवलेली माणसं चहाच्या टपरीवर ओठ हलवून त्यांची नक्कल करायची. हे साफ खोटं आहे. मी त्यांच्या घरात भाड्यानं राहिले आहे, त्यांच्या शेजारच्या वर्गावर शिकवलं आहे, आणि त्यांना ओठ मिटून वाचताना कितीतरी वेळा पाहिलं आहे. वरच्या ऑफिसातून आलेली पत्रं त्या मनातच वाचायच्या. "हे मोठ्यानं वाचाच्या लायकीचं नाई," म्हणायच्या आणि उशीखाली सारून द्यायच्या. येत होतं, पण करायचं नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक ज्यांना बाई जिवंत असताना कळला नाही, तेच आज त्यांच्याविषयी गोड गोड बोलतात. म्हणून मला हे लिहावं लागतंय.

मी मंगरूळपीरची. पहिली नेमणूक मिळाली ती मेडशीच्या बाजूच्या एका गावात. राहायला खोली शोधत होते तर शाळेतल्या याच बाईंनी आपल्या घराची पुढची खोली दिली. घर गावापासून थोडं सुटं, मोठा रस्ता ओलांडून पलीकडे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. मागच्या खोलीत त्या एकट्याच. पहिल्या सकाळी मी जागी झाले ती त्यांच्या आवाजानं. मला वाटलं पाहुणे आलेत. उठून पाहते तर बाई चुलीपाशी एकट्या बसून बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचत होत्या. मैदा, साखर, वनस्पती तेल, थंड व कोरड्या जागी ठेवा. मला पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "हं म्हन ना व पोरी. कोनी हं म्हनलं नाई त पुढं कसं वाचाव?"

मी हं म्हटलं. पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण बाईंना तो वाचतानाही लागायचा. औषधाच्या पाकिटावरचं वाचलं तरी हुंकार, लग्नपत्रिका वाचली तरी हुंकार. शाळेच्या मीटिंगमध्ये मुख्याध्यापक परिपत्रक वाचायला लागले की दर वाक्याला मागून बाईंचा खणखणीत "हं" यायचा. बिचारे मुख्याध्यापक गोंधळून जायचे. त्यांना वाटायचं बाई टिंगल करतात. बाई टिंगल करत नव्हत्या. कोणी आपल्याला वाचून दाखवत असेल तर आपण ऐकतोय हे त्याला कळवणं ही त्यांच्या मते साधी माणुसकी होती.

आता त्यांचा त्रास नव्हता असं मी म्हणणार नाही. एकदा वाशीमहून एस.टी.नं परत येत होतो. पुढच्या सीटवर एक इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ पेपर वाचत बसले होते. बाईंनी मागून मान लांब केली आणि त्यांच्याच पेपरातली बातमी मोठ्यानं सुरू केली. कुठल्याशा पुलाची बातमी होती. हळूहळू आजूबाजूच्या सीटा गप्प झाल्या, लोक ऐकायला लागले. पान संपल्यावर बाई त्यांना म्हणाल्या, दादा, पलटवा आता, इकडचं झालं. गृहस्थ मागे वळले. पेपर माझा आहे, म्हणाले. बाई म्हणाल्या, पेपर तुमचा हाय हो, पन बातमी कोनाची हाय? मला वाटलं धरणी दुभंगावी. गृहस्थांनी पेपराची घडी घालून तो बॅगेत कोंबला आणि मागच्या सीटवरचा एक म्हातारा विचारत राहिला, त्या पुलाचं पुढं काय झालं म्हणून.

बाई गाव येईस्तोवर फणफणत होत्या. म्हणे पह्यले साऱ्या गावात एक पेपर यायचा. पारावर एक जन वाचे अन् गावभर ऐके. आता घरोघरी पेपर हाय, हातोहाती मोबाईल हाय, अन् जो तो आपल्याच डोळ्यानं आपल्याच पुरतं वाचून राह्यला. मनात वाचनं म्हंजे दार लावून जेवनं, असं त्या म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, सारं जग मनातच वाचतं. तर म्हणाल्या, सारं जग आता आता मनात वाचाले लागलं, तुले काय मालूम.

आणि मग सुरू व्हायचं त्यांचं खरं वेड. जुन्या काळी साधी माणसं कशी वाचत, याचं. राजेरजवाड्यांच्या वाचनाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. राजानं काय वाचलं ते लिहून ठेवणारे पगारी लोक होते, म्हणायच्या. शंभर-दोनशे वर्षांमागं माळ्यानं, शिंप्यानं, कुणब्याच्या सुनेनं काय ऐकलं, कसं ऐकलं, कोणत्या उजेडात ऐकलं, हे कोणी लिहिलं? सुटीच्या दिवशी त्या वाशीमला, मंगरूळपीरला जुन्या घरांतून फिरायच्या. ओळख ना पाळख, दार वाजवायचं आणि घरात जुनी पोथी आहे का म्हणून विचारायचं. लोकांना वाटायचं विकत घ्यायला आल्या. कोणी लाल रुमालात बांधलेली सुट्या पानांची पोथी काढली की बाई म्हणायच्या, पोथी राहू द्या, मले फक्त कोपरे दाखवा.

मी दोनदा सोबत गेले आहे म्हणून हे सांगू शकते. पानाचा कोपरा त्या भिंगाखाली धरायच्या, वास घ्यायच्या, बोट फिरवायच्या. बोटं लागून काळा पडलेला कोपरा दिसला की चेहरा खुलायचा. ज्या पोथीचे कोपरे पांढरेशुभ्र ती नुसती पूजेला ठेवलेली, असं म्हणून परत द्यायच्या. एका पानावर तेलाचा मोठा डाग होता. त्यावर बाई म्हणाल्या की तेल सांडलं म्हणजे दिवा अगदी जवळ होता, इतका जवळ होता म्हणजे दिवा एकच होता, आणि दिवा एकच होता म्हणजे सारे एकमेकांना खेटून बसले होते. मी म्हटलं, अन् डाग भाजीचा असला तर? "त मंग अजून चांगलं. जेवता जेवताबी सोडवलं नसन." त्या घरच्या सूनबाई आमच्याकडं बघतच राहिल्या.

परत येताना बाई रस्त्यातच थांबून म्हणाल्या, "वाचनाऱ्याचा डाग पडते पोरी. ऐकनाऱ्याचा डाग पडत नाई." आणि तेव्हा त्यांनी मला त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली.

आजी, म्हणजे बाईंच्या वडिलांची आई, एका मोठ्या घरी मजुरीला होती. श्रावणात त्या घरी पोथी लागायची. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, घरचे आणि गावचे लोक भोवती बसायचे. आजीला आत जायची सोय नव्हती. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून तूर निवडत बसायची, म्हणजे निवडण्याचं निमित्त करून ऐकायची. कधी आतून कोणाच्या लक्षात आलं की वाचणं बंद व्हायचं. कोणी रागावायचं नाही, शिवी द्यायचं नाही. नुसती पोथी झाकून बसायचे. आजी सूप उचलून चालायला लागली की पुन्हा सुरू. असे कितीतरी अध्याय आजीला अर्धे पाठ होते. अर्धे म्हणजे कुठंतरी मधेच तुटलेले. नळराजाला राणी सापडली की नाही हे तिला म्हातारपणापर्यंत माहीत नव्हतं.

पुढं धम्म घेतल्यावर वस्तीत विहार झाला आणि वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू झालं. आजी पहिल्या ओळीत बसायची आणि वाचणाऱ्या पोराला दर दोन वाक्यांनी हात वर करून म्हणायची, थांब रे बाबा, हे काहून झालं ते सांग. पोरगा वैतागायचा, मागचे लोक वैतागायचे. पण कोणी आजीला गप्प बस म्हटलं नाही. बाई तेव्हा अगदी लहान, आजीच्या मांडीवर. "मायी आजी सारी जिंदगी भिंतीच्या बाहीरून ऐकली. तिले कधी थांब म्हनताच आलं नोतं," असं बाई म्हणाल्या आणि पुढं चालायला लागल्या. मला राग आला. तो राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये.

वाशीमला एकदा वाचनसंस्कृतीवर व्याख्यान होतं. वाचनसंस्कृती हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं ते त्या दिवसापासून. वक्ते बाहेरचे होते. त्यांनी सांगितलं, की आपल्या या मागास भागात पूर्वी सामान्य माणूस वाचतच नव्हता, अज्ञानात खितपत पडला होता. बाई ताडकन उभ्या राहिल्या. आयोजक म्हणाले, प्रश्न शेवटी. शेवटी चहा-पोहे आले, प्रश्न आलेच नाहीत. बाईंनी पोह्यांना हात लावला नाही. मी लावला. भूक लागली होती.

शाळेत त्यांचं वैर होतं एका शब्दाशी. मूकवाचन. आपल्या शिक्षणखात्यात वाचनाचे प्रकार आहेत, त्यात मनात वाचण्याला मूकवाचन म्हणतात. बाई म्हणायच्या, बोलत्या लेकराईले मुकं कायले करता? त्यांच्या वर्गाचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा. एकदा त्यांनी फळ्यावर सगळी अक्षरं चिकटवून लिहिलं, तुम्हीघरीजेवूनका. जुन्या पोथ्यांत शब्दांच्या मधे जागा सोडत नसत, ओळीची ओळ अशी एकजीव असायची, मग वाचणारा कसा वाचत असेल ते शोधा, असं पोरांना सांगितलं. अर्धा वर्ग ओरडला, तुम्ही घरी जेवू नका. अर्धा ओरडला, तुम्ही घरी जेवून का? दोन्ही बाजू इरेला पेटल्या. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब दारात.

बाईंनी घाबरायचं तर सोडाच, साहेबांनाच म्हणाल्या, मनात वाचून सांगा काय लिहिलं. साहेब म्हणाले, जेवू नका, दुसरं काय? पहिल्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, नाही साहेब, तुम्ही घरून जेवून आलात का असं आम्ही विचारतोय, आज शाळेत खिचडी आहे. साहेब हसले, डोक्यावर हात ठेवला तिच्या, खिचडीही खाल्ली. आणि जाताना शेरा लिहून गेले, की वर्गात शिस्तीचा अभाव आहे, विद्यार्थ्यांना मूकवाचनाची सवय नाही. खिचडी खाऊन असा शेरा लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते मला माहीत आहे, पण छापता येणार नाही.

रिटायर झाल्यावर बाईंनी गावच्या वाचनालयात संध्याकाळचं वाचन सुरू केलं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या आवारातली एक मोठी खोली. दोन कपाटं, लांब टेबल, खाली सतरंजी. पुस्तकं न्यायला फारसं कोणी येत नव्हतं, म्हणून कमिटीनंही हरकत घेतली नाही. दिवेलागणीच्या वेळी बाया यायच्या. बौद्ध वस्तीतल्या मजुरी करणाऱ्या, माळ्यांच्या घरच्या भाजीपाला करणाऱ्या, सगळ्या वय झालेल्या. गावात यांना एकमेकींशेजारी बसायचं दुसरं ठिकाण मला सांगा. लग्नात पंगती वेगळ्या, देवळात-विहारात वाट वेगळी. इथं एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा.

बाई काहीही वाचायच्या. पेपर, आरोग्यखात्याचं पत्रक, कोणाच्या नातीचं शाळेचं पुस्तक, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर. नियम एकच. ऐकणारीनं थांब म्हटलं की थांबायचं, आणि तिचं समाधान होईस्तोवर पुढं जायचं नाही. यामुळं एक पान आठवडाभर चालायचं. सर्वांत जास्त थांबवायच्या त्या कौसाबाई. माळ्याच्या घरच्या, विहिरीवर वांगी-मेथी-पालक करणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. मी पुष्कळदा त्या सतरंजीवर जाऊन बसायची, आणि खरं सांगते, कौसाबाई थांब म्हणायच्या तेव्हाच मला कळायचं की मलाही ते कळलेलं नव्हतं.

असंच एकदा कौसाबाईंनी घरून औषधाच्या डब्यातली चिठ्ठी आणली. पिकावर फवारायच्या औषधाबरोबर येते ती, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची, दहा भाषांतली. त्यातलं मराठी शोधायलाच बाईंना वेळ लागला. भिंग घेऊन वाचायला लागल्या. हातमोजे घालावेत, तोंडावर फडकं बांधावं, वाऱ्याच्या दिशेनं फवारावं. आणि मग शेवटची फवारणी आणि तोडणी यांत इतके दिवस जाऊ द्यावेत.

"थांबा," कौसाबाई म्हणाल्या. "मंग मी त दुसऱ्याच दिवशी वांगे तोडून बाजारात नेतो."

एक जण पदराला हात पुसत राहिली. बाकीच्यांनीही बाजारातून तीच वांगी आणलेली असणार. कौसाबाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि पुन्हा. नातवालाही तीच भाजी घालते मी, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कृषी केंद्रात गेल्या, जिथून औषध घेतलं होतं तिथं. दुकानदाराला म्हणाल्या, तुमी आमाले सांगतलं काहून नाई? त्यानं काय उत्तर द्यावं? म्हणाला, लिहिलेलं असतं ना मावशी त्याच्यावर.

हे उत्तर मला आजही झोपेतून उठवतं. लिहिलेलं असतं. झालं, सुटला. म्हणजे लिहिणाऱ्यानं लिहिलं, छापणाऱ्यानं छापलं, विकणाऱ्यानं विकलं, सगळ्यांचे हात धुतलेले, आणि चूक कोणाची, तर कौसाबाईंची. बाई म्हणायच्या की लिहिनं म्हंजे सांगनं नाही. वाचून ऐकवल्याबिगर सांगितलं असं होत नाही. त्या आठवड्यात सतरंजीवरच्या सगळ्या बाया आपापल्या घरच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या, आणि नंतर दुकानात जाऊन हातमोजे मागायला लागल्या, हे औषध नको, दुसरं आहे का विचारायला लागल्या. दुकानदार वैतागला. तो दुकानदार वाचनालयाचा अध्यक्ष होता आणि बाईंचाच विद्यार्थी होता. मी कोणावर काही आरोप करत नाही. जे जसं घडलं तसं एकापुढं एक ठेवतेय.

त्या पावसाळ्यात वाचनालयाच्या दारावर पाटी लागली, शांतता राखा. मग कळलं की वाचनालयाची अभ्यासिका होणार. भरतीच्या परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी टेबलांना फळ्यांचे आडोसे लावून एकेकाला वेगळी जागा करणार. आता पोरांचं मी काही म्हणत नाही. त्यांना घरी जागा नाही, शांतता नाही, वय निघून चाललंय. त्यांना खोली पाहिजेच. बाईंचंही हेच म्हणणं होतं. दिवसभर त्यांची, फक्त दिवेलागणीचा तेवढा वेळ आमचा, इतकंच त्या मागत होत्या.

बैठक बोलावली तेव्हा मी बाईंबरोबर गेले. कौसाबाई आणि दोघी-तिघी बाहेर ओट्यावर बसल्या, कारण बैठक सभासदांची होती आणि वर्गणी न भरणाऱ्या, पुस्तक न नेणाऱ्या बाया सभासद कशा असणार? अध्यक्ष फार आदरानं बोलला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, बाई, तुमच्याचमुळं आम्ही शिकलो. पण आता जमाना बदलला. आणि इथं वाचायला येणाऱ्यांची सोय पाहायची की नाही? त्या मावश्यांना तर वाचताच येत नाही.

"वाचता येत नाई?" बाई म्हणाल्या. "या गावात तुह्या दुकानातली चिठ्ठी आजलोक कोनं वाचली होती? तू वाचली होती? त्याईनं वाचली. माह्या डोळ्यानं अन् आपल्या अकलेनं."

अध्यक्षाचा चेहरा पडला, पण माणूस तयारीचा. त्यानं उपाय आणला होता. म्हणाला, बाई, तुम्ही घरी बसून मोबाईलमध्ये वाचन भरून द्या, आम्ही सगळ्या मावश्यांना पाठवू, कानात लावून आपापल्या घरी कधीही ऐकतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. किती छान, किती आधुनिक. बाईंनी विचारलं, मोबाईलले थांब म्हनलं त थांबते काय? थांबतो ना, एक बटण दाबलं की झालं, तो म्हणाला.

"थांबन. पन थांबून सांगन काय?"

ठराव मात्र झाला. हात वर करून झाला, एका मिनिटात झाला. माझा हात खाली होता म्हणून माझ्याकडं असं पाहिलं गेलं जसं मी पोरांच्या ताटातलं ओढून घेतेय. बाहेर येऊन बाईंनी ओट्यावरच्या बायांना काय ठरलं ते सांगितलं. कौसाबाईंनी चपला पायात घातल्या आणि म्हणाल्या, चला मंग, बाईच्या घरी.

पण बाईंचं घर रस्त्यापलीकडे. आणि तो रस्ता आता चार पदरी झालेला, मधे कंबरेएवढा कठडा, ट्रक असे सुटलेले की तरण्या माणसाची छाती धडधडावी. ओलांडायची जागा पार लांब. मोतीबिंदूचे डोळे आणि दुखरे गुडघे घेऊन दिवेलागणीला तिथं कोण येणार? पहिल्या आठवड्यात सगळ्या आल्या. एक जण मोटारसायकलचा धक्का लागता लागता वाचली. मग त्यांच्या पोरांनी बंद केलं. रागानं नाही, काळजीनंच. महिनाभरात एकट्या कौसाबाई उरल्या, त्याही बाजाराच्या दिवशी आल्या तर. बाई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि रस्त्याच्या पलीकडे बघत राहायच्या. मी म्हणायची, मी आहे ना, मला वाचून दाखवा. वाचायच्या. मी हं म्हणायची. पण मी थांब म्हणत नव्हते, मला सगळं समजतं अशी माझी समजूत, आणि न थांबवणाऱ्या माणसापुढं वाचण्यात बाईंचा जीव रमत नव्हता. एक दिवस अर्ध्यातच पेपर खाली ठेवून म्हणाल्या, जाऊ दे, तू मनात वाच.

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. काही मोठा आजार नाही. चार दिवस ताप आला आणि गेल्या. विहारात सगळं विधीनं झालं, वस्ती रडली, कौसाबाई त्याआधी कठड्याला वळसा घालून, कोणाच्या तरी हाताला धरून बाईंच्या घरी आल्या.

आणि मग वाचनालयानं शोकसभा ठेवली. नव्या, अजून उद्घाटन न झालेल्या अभ्यासिकेत. आडोशांच्या टेबलांमधून वाट काढत आम्ही उभे राहिलो. अध्यक्ष म्हणाला, बाईंनी आयुष्यभर वाचनाची सेवा केली, त्यांना आपण दोन मिनिटं मौन पाळून श्रद्धांजली वाहू. मौन! अख्ख्या जिल्ह्यात मौनाशी जिचं उभं वैर होतं, तिला मौन. सगळ्यांनी माना खाली घातल्या, दारावर ती शांतता राखाची पाटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी बिस्किटाच्या पुड्यावरचं काय आठवेल ते मोठ्यानं म्हणायला लागले. लोकांना वाटलं मला दुःखानं काहीतरी झालं. दोन बायांनी दंडाला धरून बाहेर आणलं, पाणी दिलं.

ज्यांना असं वाटतं त्यांना वाटू द्या. मी दुसऱ्या आठवड्यात कौसाबाईंच्या मळ्यात गेले. रस्ता ओलांडायचा तर मी ओलांडीन, माझे गुडघे धड आहेत. विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ कौसाबाई आणि सतरंजीवरच्या आणखी तिघी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी पिशवीतून पेपर काढला आणि पोत्यावर बसले. त्यांनी जरा सरकून जागा दिली.

नेमकी जिल्ह्याच्या पानावर आमच्या गावाची बातमी होती. मी आधी मनात वाचली नव्हती, नाहीतर वगळली असती. पान उघडलं आणि सुरुवात केली. गावात अद्ययावत अभ्यासिकेचं थाटात उद्घाटन झालं, असं वाचलं. कौसाबाई हं म्हणाल्या. विद्यार्थ्यांची सोय झाली असं वाचलं. हं, तिघीही म्हणाल्या. समस्त ग्रामस्थांच्या एकमुखी मागणीवरून ही अभ्यासिका सुरू करण्यात आली आहे, मी वाचलं.

"थांब," कौसाबाई म्हणाल्या. हातातली जुडी तशीच धरलेली. "ग्रामस्थ म्हंजे कोन व?"

"गावात राहणारे लोक," मी म्हटलं.

"सारे?"

"समस्त लिहिलंय. म्हणजे सारे."

कौसाबाईंनी बाकीच्या तिघींकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मंग आमी कुठी राह्यतो?"